समुद्र सातशे किलोमीटरवर, मग ‘मरीन सर्व्हिसेस’चा यवतमाळशी काय संबंध?

यवतमाळच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये बांधलेली कापसाची गाठ परदेशी निघाली, की तिचा रस्ता न्हावा शेवासारख्या बंदरातून जातो. तिथलं अवाढव्य जहाज धक्क्याला लावायला आणि पुन्हा सोडायला वेगळी माणसं, वेगळ्या बोटी लागतात. हे काम करतात ‘मरीन सर्व्हिसेस’ कंपन्या. आपल्याकडे हे नाव पोहोचतं ते मात्र ‘जहाजावर नोकरी, पगार डॉलरमध्ये’ अशा व्हॉट्सॲप मेसेजमधून. म्हणूनच हा धंदा समजून घ्यायला हवा.

या कंपन्या नेमकं काय करतात?

मोठ्या जहाजाला ट्रकसारखा ब्रेक नसतो. वेग कमी झाला की सुकाणूची पकडही सैल होते. म्हणून बंदराजवळ स्थानिक पाण्याची माहिती असलेला पायलट जहाजावर चढतो आणि टग नावाच्या छोट्या, पण जबरदस्त ताकदीच्या बोटी जहाजाला ओढत-ढकलत धक्क्याला लावतात. दोर बांधणं, साचलेला गाळ काढणं, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं आणि सामान पोहोचवणं हीसुद्धा याच क्षेत्रातली कामं. १९७४ मध्ये शोध लागलेलं ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे. तिथला रोजचा कारभार अशा बोटींशिवाय चालत नाही.

कंपनी मोठी कशी होते?

टग महाग असते. त्यामुळे कंपनी आधी बंदराशी काही वर्षांचा करार करते, त्या कराराच्या भरवशावर कर्ज काढते आणि बोट घेते. एका बंदरात काम चोख झालं, की दुसऱ्या बंदराचं कंत्राट मिळण्याची शक्यता वाढते. हैदराबादची ‘ओशन स्पार्कल’ हे याचं ठळक उदाहरण. १९९५ मध्ये सागरी तंत्रज्ञांनी सुरू केलेल्या या कंपनीकडे २०२२ पर्यंत स्वतःच्या ९४ बोटी होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अदानी समूहाने ती विकत घेत असल्याचं जाहीर केलं. आता पालघरमध्ये ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं आहे. बंदर वाढलं की टग वाढणार आणि माणसंही लागणार.

मग अडचण कुठे?

मे २०२१. तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ बार्ज बुडाली. बार्जवर २६१ जण होते, त्यातल्या सत्तरहून अधिक जणांचा जीव गेला. काम एका कंपनीचं, कंत्राट दुसरीचं, बार्ज तिसरीची. अशी साखळी लांबली, की वादळाचा इशारा आल्यावर माणसांना परत आणण्याचा निर्णय नेमका कोणी घ्यायचा, हाच प्रश्न उरतो. कंपनीची वाढ बोटींच्या संख्येवर मोजताना हा हिशेब विसरून चालणार नाही.

यवतमाळच्या मुलांनी काय पाहावं?

मेकॅनिकल इंजिनीअरला साधारण एक वर्षाचा ‘जीएमई’ अभ्यासक्रम करून जहाजाच्या इंजिन रूमकडे वळता येतं. दहावी झालेल्यांसाठी सहा महिन्यांचा ‘जीपी रेटिंग’ अभ्यासक्रम आहे. दोन्हींसाठी संस्था नौवहन महासंचालनालयाची, म्हणजे डीजी शिपिंगची मान्यता असलेलीच हवी. मान्यताप्राप्त संस्थांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

भरती करणाऱ्या एजंटकडे ‘आरपीएसएल’ परवाना लागतो. त्याचा क्रमांक मागा आणि तोही त्याच संकेतस्थळावर तपासा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी यांचा खर्च वेगळा. ‘जॉइनिंगसाठी तीन लाख’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

मी स्वतः इंजिनीअर झालो तेव्हा कॅम्पसमध्ये या क्षेत्राबद्दल कुणी अक्षरही काढलं नव्हतं. माहिती नसते तिथेच एजंटचं फावतं. जिल्हा रोजगार केंद्राने आणि महाविद्यालयांनी परवाना कसा तपासायचा, एवढं एक पान जरी नोटीस बोर्डावर लावलं, तरी एखाद्या बापाचं वावर विकलं जाण्यापासून वाचेल.