नवे घर, जुनी पाखरे

घर बदलावयाचे ठरले की सामानाची यादी करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, सुलतान बाजारातील वडिलोपार्जित घर सोडून नागोलला मुलाकडे राहावयास जाण्याचे मान्य केले, तेव्हा त्यांनीही यादी केली. तिच्या पहिल्याच ओळीत लिहिले होते : ‘कबुतरे – २२’. देवांचा क्रमांक दुसरा होता. वहिनी असत्या तर त्यांनी ही उलटापालट खपवून घेतली नसती. पण त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि दादांच्या दिवसाला सकाळ-संध्याकाळ आकार देणारे असे ती पाखरेच काय ती उरली होती. घर मात्र विकणे भागच होते. भिंती शंभरीला आलेल्या, वाटेकरी सात, आणि जिना असा की सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तो चढूच नये.

हैदराबादेला कबुतरांचा शौक नवा नाही. जुन्या शहरातील गच्च्यांवर आजही बांबूच्या छत्र्या दिसतात. तेथला मान उंच उडणाऱ्या गिरहबाजांना. सकाळी सोडलेले पाखरू जितके तास आकाशात राहील तितकी धन्याची मान ताठ. दादांचा नाद निराळा. त्यांची कबुतरे शर्यतीची, ‘होमर’ जातीची. या शर्यतींचे वेड आपल्या देशात विशेषकरून चेन्नई आणि बंगळूरकडे. दादांची पहिली जोडी चेन्नईच्या एका मित्राने दिलेली होती.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. धावण्याच्या शर्यतीत सर्वांचे अंतिम ठिकाण एकच असते. येथे प्रत्येकाचे वेगळे. सर्व कबुतरे एकाच जागेवरून सोडतात आणि प्रत्येक कबूतर आपापल्या ढाबळीकडे झेपावते. अंतराला वेळेने भागून वेग काढावयाचा आणि ज्याचा वेग अधिक तो विजयी. पिल्लू आठवड्याचे असतानाच त्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालतात. ते पुढे जन्मभर निघत नाही. म्हणजे या पाखराची सारी विद्या एकाच गोष्टीत साठवलेली : घरी परतणे. तेव्हा त्याचे घरच बदलले की काय होणार, याची कल्पना वाचकांनी करावी.

आम्ही सामानाच्या गाडीतून नागोलला गेलो त्यास रहदारीमुळे सव्वा तास लागला. अंतर दहा-बारा किलोमीटरांचे. शर्यतीचे कबूतर ताशी साठ-सत्तर किलोमीटर सहज उडते; त्याच्या हिशेबी ही दहा-बारा मिनिटांची वाट. खरी अडचण तीच होती. दूरच्या परमुलुखात नेलेले पाखरू निदान बिचकते तरी. येथे मात्र एक घिरटी घेतली की ओळखीचा प्रदेश डोळ्यांपुढे उभा! दादांनी जुनीच लाकडी ढाबळ खिळे न काढता उचलून आणली होती; तेच कप्पे, तीच दांडी, दाण्याचा डबाही तोच. ‘आपले घर ती ओळखणार नाहीत होय?’ असे म्हणून त्यांनी पंधराव्या दिवशी सहा कबुतरे सोडली. सहाही गेली.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी सुलतान बाजारात पोहोचलो. आमच्या घराचा वरचा मजला उतरवून झाला होता. शेजारच्या कठड्यावर चार कबुतरे ओळीने बसली होती आणि जेथे पूर्वी गच्ची होती त्या मोकळ्या जागेकडे पाहत होती. दादांनी डबा खुळखुळवला तेव्हा ती चटकन खाली आली. दोन पुन्हा कधीच दिसली नाहीत. परतताना दादा एकच वाक्य बोलले : ‘अरे, चूक त्यांची नाही, ती घरीच गेली होती.’

ती घरी कशी जातात, या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही पुष्कळ शिणवले आहे. सूर्यावरून त्यांना दिशा कळते हे बरेच आधी सिद्ध झाले होते. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम कीटन यांनी कबुतरांच्या पाठीवर लोहचुंबक बांधून पाहिले आणि १९७१ साली निष्कर्ष मांडला, की स्वच्छ उन्हात त्यांचे फारसे बिघडत नाही. परंतु ढगाळ दिवशी ती गोंधळतात. पुढल्याच वर्षी इटलीतील पीसा येथील फ्लोरिआनो पापी आणि त्यांचे सहकारी यांनी वासाचा सिद्धांत पुढे आणला. वाऱ्यापासून पूर्ण आडोशात वाढवलेल्या पिल्लांना मोठेपणी वाट नीट सापडत नाही, असेही या वाटेवरील प्रयोगांतून दिसले. आणि २००४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ओळखीच्या प्रदेशात कबुतरे चक्क खालच्या रस्त्यांच्या आधाराने उडतात. ऊन, वारा, वास, रस्ते यांतून पाखराच्या मनात घर रुजते ते कोवळ्या वयात. लाकडाच्या फळ्या उचलून नेल्याने ते हलत नाही.

दादांच्या ओळखीचे शाहअलीबंड्याकडील एक वृद्ध उस्ताद आहेत. त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली, चहा संपवला आणि म्हणाले, ‘साहब, जो उडके आया उसका घर वहींच रहता. इधर पैदा हुए सो बच्चोंका घर इधर. जल्दी नक्को करो.’ आपल्या मराठीतील ‘नको’ दखनीत गेला आणि तेथे ‘नक्को’ होऊन स्थायिक झाला. तोच शब्द त्या दिवशी आमच्या उपयोगी पडला.

उस्तादांनी सांगितलेली रीत अशी. जुन्या उडत्या कबुतरांना निदान एक-दोन वेळा पिल्ले वाढवून होईपर्यंत सोडावयाचेच नाही. त्यांच्यासाठी ढाबळीला लागून गच्चीवर जाळीचा पिंजरा करावयाचा. त्यात बसून त्यांनी आजूबाजूची घरे, झाडे, पाण्याच्या टाक्या पाहाव्यात, वारा अंगावर घ्यावा. दाणा ठरल्या वेळी, एकाच आवाजाच्या खुणेने आणि पोटाला किंचित कमीच. जोडी जमली की मादी दोन अंडी घालते. सतराअठरा दिवस दोघे आळीपाळीने ती उबवतात. दिवसाची मधली पाळी नराची, उरलेली मादीची. पिल्ले निघाली की दोघांच्याही गळ्याशी दुधासारखा आहार तयार होतो आणि त्यावर ती वाढतात. अशी भुकेली पिल्ले घरट्यात असताना, दाण्याच्या वेळेच्या थोडे आधी, वारा पडलेला पाहून दोघांपैकी एकालाच सोडावयाचे. मागे पिल्ले, जोडीदार आणि दाणा, अशा तीन गाठी असल्या तर पाखरू परतण्याचा संभव अधिक. तरीही खात्री कोणी देऊ नये.

पिल्लांची गोष्ट सोपी. साधारण महिन्याची झाली की ती दाणा टिपू लागतात. तेव्हा त्यांना पिंजऱ्यात बसवून भोवताल दाखवावा आणि मग एखाद्या संध्याकाळी उपाशीपोटी दार उघडे ठेवावे. हाताने उडवू नये, टाळी वाजवू नये. त्यांची ती बाहेर येतात, छपरावर चालतात, बिचकतात आणि डबा वाजला की आत जातात. दोनतीन आठवड्यांत थवा करून घिरट्या घालू लागतात. त्यानंतरच टोपलीतून दूर नेऊन सोडण्याची शिकवण.

ढाबळच फिरती असेल तर पाखराला तिचीही सवय लावता येते, याला इतिहासात दाखले आहेत. अकबराच्या पदरी वीस हजारांवर कबुतरे होती आणि तो या शौकाला ‘इश्कबाजी’ म्हणे. छावणी हलली की ढाबळी वाहणारे भोई बरोबर चालत, असे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने लंडनच्या बसगाड्यांवर ढाबळी बसविल्या आणि आघाडीमागे फिरविल्या. आपल्या ओडिशा पोलिसांनीही १९४६ पासून २००८ पर्यंत संदेशवाहक कबुतरांचे दळ चालविले. १९८२ च्या महापुरात बांकीचा संपर्क तुटला तेव्हा या पाखरांनीच निरोप पोहोचविले. त्यांच्याकडे फिरत्या ढाबळीही होत्या. शिवाय एका ठिकाणी घर आणि दुसऱ्या ठिकाणी दाणा ठेवून दुहेरी फेरी शिकविण्याची युक्तीही होती. या साऱ्यांत सूत्र एकच : लहान वयाचे पाखरू, रोजचा नेम आणि शिकविणाऱ्याची चिकाटी.

घरातील अडचणीही लपवून ठेवू नयेत. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते, काहींना तर तिच्यापासून कायमचा विकार जडतो. तेव्हा सूनबाईंनी पहिल्याच आठवड्यात तीन अटी घातल्या : तोंडाला पट्टी बांधून, पाणी शिंपडून मगच ढाबळ झाडावयाची, ते कपडे खाली आणावयाचे नाहीत, आणि नात पिंजऱ्यात जाणार नाही. दादांनी त्या मुकाट्याने पाळल्या. शेजाऱ्यांकडेही ते स्वतः जाऊन ‘तक्रार असेल तर थेट मला सांगा’ असे म्हणून आले. नव्या वस्तीत पाखरांच्या आधी माणसांनी स्थिरावावे लागते.

कठड्यावरून परत आलेल्या त्या चौघांत एक निळा नर होता. दादांचा सर्वांत लाडका. वर्षभर तो पिंजऱ्यात राहिला, दोनदा पिल्ले वाढविली. मग सर्व नियम पाळून त्याला सोडले. तो छपरावर बसला, पिल्लांकडे वळून पाहिले आणि सरळ पश्चिमेला गेला. दादा संध्याकाळी रिक्षाने जाऊन त्याला घेऊन आले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो सापडला तेव्हा अंगावर मांजराच्या पंजाची जखम होती. त्या रात्री त्याला हळद लावीत दादा म्हणाले, ‘आता तुला सोडणार नाही. तुझे घर मोडले, त्याला तू काय करणार?’ हट्ट सोडणे दादांच्या स्वभावात नाही. त्या पाखरासाठी तो त्यांनी सोडला.

आता निळा पिंजऱ्यातच असतो. मात्र त्याची पिल्ले नागोलची आहेत. गेल्या थंडीत दादांच्या मुलाने त्यांतली पाच आधी घटकेसरला, मग भोंगीरला नेऊन सोडली. भोंगीरहून येताना नागोल आधी लागते आणि सुलतान बाजार त्याच रोखाने पुढे. दादा गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. पाऊण तासाने थवा दिसला; त्याने एक घिरटी घेतली आणि पाचही जणे एकामागून एक छपरावर उतरली. जाळीआडून निळा घुमत होता. दादांनी डबा वाजवला, पण त्यांचा हात थोडा कापत होता.

आमचे आजोबा परभणीकडून निजामाच्या नोकरीत येथे आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आजोबा येथेच राहिले, पण अखेरपर्यंत ‘गावी’ म्हणजे परभणीला. आमचे वडील मात्र सुलतान बाजार हेच घर मानून गेले, आणि दादाही. त्यांची नात आपण नागोलची असल्याचे सांगते. यात कोणाचे चुकले असे मला वाटत नाही.

आणखी एक सांगून संपवितो. घर बदलले तरी दादांनी आपल्या या मासिकाचा पत्ता बदलला नव्हता. तीन वर्षे अंक सुलतान बाजारातील एका दुकानात येत असे आणि ते दर महिन्याला जाऊन घेऊन येत. मी पुष्कळदा म्हटले, ‘दादा, एक पत्र टाकले की काम होईल.’ ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत. भोंगीरच्या त्या दिवसानंतर आठवड्याने त्यांनी मला एक पोस्टकार्ड दिले आणि संपादकांकडे पोहोचवावयास सांगितले. त्यावर नागोलचा पत्ता होता, पिनकोडासह. खाली एक ओळ : ‘यापुढे अंक घरच्या पत्त्यावर पाठवावा.’