दस्ती म्हणायला लाजायचं कशाला?

बिदर, भालकी, औराद, आदिलाबादकडची आपली पोरं पुण्या-मुंबईला गेली की पहिल्या महिन्यातच एक शब्द टाकून देतात. दस्ती. कुणीतरी हसतं, "दस्ती म्हणजे काय रे?" की पोरगं लगेच 'हातरुमाल'वर येतं. मी नोकरीला हैदराबादला आलो, म्हणून माझा शब्द वाचला. इथं दस्ती मागितली तर कुणी तोंडाकडं बघत बसत नाही.

आधी अर्थ बघू. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. हातात ठेवायची ती दस्ती. दस्तखत, दस्तऐवज हे त्याच घरचे शब्द. पुण्यातला माणूस फ्लॅट घेतो तेव्हा 'दस्त नोंदणी'च करतो. तिथं कुणाला हसू येत नाही.

आता हातरुमाल बघा. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा, चोळणारा. मालिशमधला 'माल' तोच. म्हणजे रुमालही फारसीच, आपण त्याला पुढून मराठी हात जोडला एवढंच. बरं, तो हात तरी कुठला? संस्कृत 'हस्त'वरून आलेला. आणि हस्त व दस्त हे एकाच जुन्या मुळाचे दोन फाटे. दस्ती आणि हात लांबचे का होईना, भाऊबंदच निघाले. मग यात शुद्ध कोण नि अशुद्ध कोण?

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरला, तेलंगणा आंध्रला. माणसं वाटली गेली, पण दस्ती तिन्हीकडं राहिली. मराठवाड्यातल्या मराठीत आहे, बिदर-कलबुर्गीच्या बोलीतल्या कन्नडमध्ये आहे, तेलंगणाच्या तेलुगूतही आहे.

काहीजण म्हणतील, हा निजामाच्या काळातला शब्द, कशाला जपायचा? प्रश्न बरोबर आहे. कचेरीत उर्दू होती, १९१८ ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं, आणि मराठी पोरांना आपल्या भाषेत शिकण्यासाठी झगडावं लागलं. तो झगडा योग्यच होता. पण लादलेली भाषा वेगळी आणि बाजारात, शेजारात, एकमेकांच्या घरात ये-जा करून आलेला शब्द वेगळा. माझ्या मते दस्ती ही दुसऱ्या जातीची. सत्तेवरचा राग आजीच्या कमरेला खोचलेल्या कापडावर कशाला काढायचा?

तेलंगणावाल्यांनी हे आपल्याआधी ओळखलं. किनारी आंध्रची प्रमाण तेलुगू 'चेतिरुमालु' म्हणते, म्हणजे हातरुमालच. तेलंगणाची बोली सिनेमात विनोदापुरती असायची. २ जून २०१४ ला वेगळं राज्य झालं, आणि आता ९ सप्टेंबर हा तेलंगणा भाषा दिन असतो. तो कवी काळोजी नारायण रावांचा जन्मदिवस. त्यांचे वडील मराठी घरातले, आई कन्नड, आणि हा माणूस आयुष्यभर लोकांच्या बोलीतल्या तेलुगूसाठी भांडला. सीमेवरच्या माणसाला बोलीची किंमत कळते ती अशी.

आपण मात्र दोन्हीकडून मार खातो. इकडं मराठी म्हणून परके, तिकडं बोलीवरून गावंढळ. आपली मराठी टिकली पाहिजे असं आपण म्हणतो, तेव्हा कुठली मराठी ते स्वतःला विचारा. पुस्तकातली तर टिकेलच, तिला सांभाळायला पुष्कळ जण आहेत. दस्तीवाली मराठी आपल्याशिवाय कोण बोलणार?

प्रमाण मराठी जरूर शिका. परीक्षेत, अर्जात हातरुमाल लिहा. पण दोस्ताकडं मागताना दस्तीच मागा. आणि कुणी विचारलं, "म्हणजे काय?" तर शब्द बदलू नका, अर्थ सांगा.