भांडवल नंतर, आधी पत



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, धंदा डोक्यात आहे, पण भांडवल कुठून आणू?" माझं मत स्पष्ट आहे. आधी पत कमवा.

वैकुंठभाई मेहता हे नाव ऐकलंय? जन्म १८९१ चा. १९११ साली मुंबईत एक सहकारी बँक निघाली, गावोगावच्या पतसंस्थांना पैसा पुरवण्यासाठी. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. वैकुंठभाई ऐन तरुण वयात तिचे मॅनेजर झाले आणि १९४६ मध्ये मंत्री होईपर्यंत तिथेच राहिले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थ आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे होती. प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहताना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांना त्यांचं पाठबळ होतं.

आता बघा, त्या काळच्या खेड्यातल्या पतसंस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्याद असायची. एकाने कर्ज बुडवलं की झळ सगळ्यांना. मग कर्ज देताना गावकरी काय बघणार? माणूस कसा आहे आणि पैसे कशाला हवेत. बियाण्याला की बारशाला?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही आणि आपटलो. पंचवटीत माझं भांड्यांचं दुकान. एका दिवाळीत गल्ला भरला आणि व्यापाऱ्याला द्यायच्या पैशातून मी गाडीचं डाऊन पेमेंट केलं. पुढच्या महिन्यात त्याने उधारी बंद केली. भांडला नाही, फक्त म्हणाला, "आता रोख." लग्नसराईत माझे रॅक रिकामे होते. गाडी दारात उभी, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. ती उधारी परत सुरू व्हायला दोन वर्षं लागली.

तुम्ही म्हणाल, "सर, सहकाराचं काय सांगता, लोकांच्या ठेवी अडकल्यात." राग बरोबरच आहे. पण पत न बघता ओळखीवर कर्ज वाटलं की बँक बुडते. म्हणजे नियम चुकला नाही, तो मोडला गेला.

आज मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज मिळतं. कशाला हवंय, हे विचारणारं तिथे कोणी नाही. म्हणून ते तुम्हीच विचारा. दुकानाचं खातं वेगळं ठेवा. उधारी तारखेच्या एक दिवस आधी चुकवा. उशीर होणार असेल तर लपू नका, आधी फोन करा. सहा महिने हे करा, मग बँकेत जा. तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.

पुढच्या व्हिडिओत कर्जाची फाईल कशी तयार करायची ते बघू.