गोचिडांचे औषध आणि मुका जीव

जाम नदीच्या एका तीरावर आमचे सावरगाव, दुसऱ्या तीरावर पांढुर्णा. आणि दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा व कपाशीची शेते. त्यामुळे कीटकनाशकाची बाटली येथे पुष्कळ घरांतून असते. कुत्र्याच्या कानांत गोचिडांचे घोस दिसू लागले की हात सहजच त्या बाटलीकडे वळतो. ही सवय आम्हांस घातक वाटते.

तिच्या मुळाशी अर्धे खरे ज्ञान आहे, हेच तिचे बळ. कपाशीवर फवारले जाणारे सायपरमेथ्रिन जनावरांच्या गोचीडनाशक औषधांतही असते. ‘द्रव्य तेच, मग महागडा शाम्पू कशाला?’ हा प्रश्न व्यवहारी खरा. परंतु शेतीच्या औषधाची तीव्रता निराळी, आणि ते ज्या द्रावकात मिसळलेले असते तो पिकासाठी योजलेला, कातडीसाठी नव्हे. शिवाय कपाशीचे पान स्वतःस चाटत नाही, कुत्रे चाटते.

बाजारातील शाम्पूही सर्वस्वी निरुपद्रवी नव्हे. कातडी लाल होऊन खाज सुटली, एवढ्यावरच निभावले तर सुदैव. लाळ गळू लागली, अंग थरथरले, झटके आले, तर विष मज्जातंतूंना बाधले असे समजावे. लहान पिलांना धोका अधिक. कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास तर मुळीच लावू नये. ते पचवून टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच थोडी, त्यामुळे ते दगावू शकते.

आणखी एक गोष्ट. गोचिडीची मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. काही दिवसांनी अंगावर पुन्हा गोचिडी दिसतात त्या बहुधा तेथूनच आलेल्या. मालक मात्र औषध सौम्य पडले असे मानून मात्रा दुप्पट करतो. भेग तशीच राहते आणि शिक्षा कुत्र्यास! आमच्या कोकणीत त्याला ‘सुणें’ म्हणतात. पण कोणत्याही भाषेत त्यास तक्रार सांगता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने बोलती माणसे दगावली, तेथे मुक्या जीवाची काय कथा?

वजनाप्रमाणे मात्रा किती, कोणत्या वयाखाली लावू नये, हे शाम्पूच्या बाटलीवर छापलेले असते. पण बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत. कंपन्यांनी ते मराठी-हिंदीत ठळक छापावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी ते घरी वाचून दाखवावे. शिकलेल्या इंग्रजीचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाही. शेतीच्या बाटलीवरील लाल, पिवळी, निळी वा हिरवी खूण विषाची तीव्रता सांगते, हेही आजोबांस समजवावे.

त्रास दिसताच कोमट पाण्याने औषध धुऊन काढावे. अंग कोरडे करून ऊब द्यावी. चाटू देऊ नये व आपल्या मनाने वांती करवू नये. पशुवैद्याकडे जाताना बाटली बरोबर न्यावी. पोटात वा अंगात कोणते विष गेले हे कळले म्हणजे त्यांना उपचार लवकर ठरविता येतात.