भरतीरेषा कोणी आखायची?

समुद्राला सातबारा नसतो; त्याच्या शेजाऱ्याला असतो. या शेजाऱ्याच्या जमिनीत समुद्राची हद्द कोठवर धरायची, हा प्रश्न आता केवळ भूगोलाच्या तासापुरता राहिलेला नाही.

१९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर नियंत्रण आले. उधाणाचे पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जेथवर चढते, ती ही रेषा. असा कायदा हवाच. नाहीतर पुळणीवर हॉटेलांच्या भिंती उभ्या राहायला वेळ लागला नसता. माझा प्रश्न आहे तो रेषा आखण्याच्या रीतीबद्दल.

किनारा व्यवस्थापनाचे नकाशे १:२५,००० या प्रमाणावर काढतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर होतो. कोळीवाड्यातले घर पेन्सिलीच्या टोकाखाली सहज झाकले जाते! गावपातळीवर १:४,००० चे नकाशे वापरावेत असे नियमच सांगतो. त्यांत तोच मिलिमीटर ४ मीटरांचा. घर रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरच नीट कळेल.

अलिबागच्या खारेपाटात तर प्रश्न अधिकच बिकट आहे. तेथली भातशेती खाडीच्या बांधाआड उभी आहे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे बांध १९९१ पूर्वीचा असेल, तर भरतीरेषा बांधापाशीच थांबते. पण बांधाला खांड पडली की खारे पाणी काही कागद पाहून थांबत नाही. भात जाते, पुढे खारफुटी रुजते, आणि खारफुटीची ती जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात जाते. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे, शेत मात्र गेलेले! खारफुटी तोडा, असे मी म्हणत नाही. ती किनारा धरून ठेवते. पण बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही, याची किंमत एकट्या शेतकऱ्यानेच का मोजावी?

म्हणून उपग्रहाच्या चित्राबरोबर गावाची साक्षही घेतली पाहिजे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी कोणत्या उंबऱ्याला लागते, खांड कोणत्या साली पडली, हे म्हाताऱ्या कोळ्याला आणि शेतकऱ्याला ठाऊक असते. नकाशाच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातात, जनसुनावणीही होते. परंतु नकाशाच वाचता आला नाही, तर हरकत घ्यायची कशावर?

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत नकाशा वाचू शकणारी ही पहिलीच पिढी आहे. पुढच्या सुनावणीआधी आपल्या गावाचा नकाशा मिळवावा आणि चावडीवर मांडून सर्वांना समजावून सांगावा. पदवी मिळेपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही.