बँडमागून चालताना

मिरवणूक पाहावयाची म्हणजे गर्दीत उभे राहून मूर्तीचे दर्शन घ्यावयाचे, आरास न्याहाळावयाची आणि पाय दुखू लागले की घरची वाट धरावयाची, अशी बहुतेक कुटुंबांची रीत असते. मूर्तीपुढे चालणारा बँड या पाहण्याच्या हिशेबात कोठेच धरला जात नाही. तो वाजत असतो, एवढेच. वास्तविक, सुटीच्या दिवशी मुलांना बोटाशी धरून मिरवणुकीस जाणाऱ्या आईबापांनी मुलांस आवर्जून दाखवावे असे पुष्कळ काही त्या बँडमध्येच असते.

२०२५ साली अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबर रोजी आली. पुण्याची विसर्जनाची मिरवणूक त्या दिवशी सकाळी निघाली ती रविवारीही चालूच होती. साहजिकच सहकुटुंब आलेल्या मंडळींनी लक्ष्मी रस्त्याच्या दोन्ही कडा भरून गेल्या होत्या. अशा गर्दीत बँड जवळ आला की लहान मुले प्रथम मोठ्या ढोलाकडे पाहतात, पण एखादा चौकस नातू मध्येच विचारतो, "आजोबा, पेटीला एवढ्या पट्ट्या, मग या कर्ण्याला तीनच कळा कशा हो पुरतात?" हा प्रश्न मोठ्या माणसांना सहसा सुचत नाही.

पितळी वाद्यात स्वर उत्पन्न करतात ते वादकाचे ओठ. तोंडाशी लावलेल्या वाटीत ते कंप पावतात आणि नळीतील हवा त्या कंपाला स्वराचे रूप देते. ओठ आवळले की स्वर चढतो, सैल सोडले की उतरतो. तथापि नळीची लांबी एकच राहिली तर मोजकेच स्वर निघतात; आपल्या तुतारीचे तसेच आहे. कळ दाबली की हवेला एका जादा वळशातून जावे लागते, नळी तेवढी लांबते आणि स्वर खाली येतो. मधल्या कळेने तो अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एका आणि तिसरीने दीड स्वराने. बाकीचे सारे ओठांनी साधावयाचे. कळांची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत निघाली. म्हणजे रस्त्याने चालता चालता, डोक्यावर ऊन घेत, तीन बोटे आणि दोन ओठ यांच्या बळावर हा मनुष्य संपूर्ण गाणे वाजवीत असतो.

ही वाद्ये इंग्रजी पलटणींबरोबर या देशात रुजली. संस्थानिकांनी आपल्या पदरी बँड ठेवले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले कितीतरी वादक मुंबईस येऊन बँडमध्ये आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरले. वाद्ये तर मेरठच्या जली कोठी भागात घडविली जाऊ लागली, ती आजही तेथे घडतात. तरीही बँड म्हणजे परक्यांची नक्कल, असे म्हणणारे लोक भेटतात. पेटीदेखील युरोपातूनच आली. पण भजनात तिला कोणी परकी म्हणत नाही! कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन ज्या स्वरात बांधलेले असतात, तो स्वर या पेटीवर काळी पाचच्या पट्टीत सापडतो. कळ दाबून मिळणारा स्वर ठाम, आणि आपल्या गाण्याला तर मींड हवी. ही अडचण क्लॅरिनेटवाल्याने ओठांचा दाब कमीजास्त करून आणि बोट छिद्रावरून हळूच सरकवून सोडविली. ती त्याने कोणत्या पुस्तकातून शिकली नाही. वडीलधाऱ्या वादकाशेजारी चालून शिकली.

आता या बँडच्या पोटावर पाय आला आहे तो ध्वनिवर्धकांच्या भिंतींमुळे. ज्यांना कोणी डीजे म्हणतात, कोणी डॉल्बी, त्यांच्यापुढे बँड टिकत नाही, कारण यंत्राला दम लागत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यात घालून दिलेली आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावयाचे. सणांचे मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. बँडही काही कुजबुजत नाही. कानाशी वाजणारा कर्णा सहन होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या आवाजाला माणसाच्या छातीची मर्यादा आहे. दोन गाण्यांच्या मध्ये वादक थांबतो, घाम पुसतो, आणि तेवढ्यात आई मुलाला काही सांगू शकते. भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या कुटुंबाला खुणांनीच बोलावे लागते.

मात्र सारा दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे आहे. बँडवाल्याला आपण कलावंत मानले आहे काय? त्याच्या अंगावर राजासारखा जरीचा कोट चढवावयाचा आणि वरात मांडवाच्या दाराशी पोहोचली की त्याला बाहेर उभे करावयाचे. त्याचे पान वाढले तर शेवटच्या पंगतीला. गायकाचे नाव घरोघरी ठाऊक असते. तेच गाणे जन्मभर वाजविणाऱ्या कॉर्नेटवाल्याचे नाव त्याला बोलावणाऱ्या यजमानालाही ठाऊक नसते. त्याचे काम मुहूर्तांवर चालते. चातुर्मासात लग्ने नाहीत, म्हणून गणपतीचे दहा दिवस सोडले तर त्या महिन्यांत हाताला वाद्य नाही. मग कोणी शेतावर जातो, कोणी मिळेल ती मजुरी करतो. अशा स्थितीत त्याने आपल्या मुलाच्या हाती कर्णा का द्यावा?

यावर एक साधा उपाय करण्याजोगा आहे. मुंबईच्या कूपरेज उद्यानात अजून बँडस्टँड उभा आहे. महापालिकांनी व नगरपालिकांनी आपापल्या उद्यानांत असे चौथरे बांधावेत आणि नेमक्या या चातुर्मासात, रविवारी संध्याकाळी, गावातील बँडला रीतसर मोबदला देऊन तेथे वाजवावयास बोलवावे. पावसाची सबब कोणी सांगू नये. बँडस्टँडला छप्पर असते. वादकांची नावे फळ्यावर लिहावीत. वादन संपल्यावर दहापंधरा मिनिटे मुलांना वाद्ये हाती धरू द्यावीत. पहिल्या फुंकरीला बहुधा नुसती हवाच बाहेर येते. ओठ कसे आवळावे, हे त्या वेळी बँडमास्तरच समजावून सांगू शकेल.