नाव न घेता मांडलेला हिशेब

आपल्या भाषेत मासिक पाळीसाठी बोलण्याच्या रीती पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी बहुतेक आडवळणाच्या. कोणी ‘कावळा शिवला’ म्हणते, कोणी ‘बाजूला बसली’, तर कोणी नुसतेच ‘अडचण आहे’ असे सांगून विषय मिटवते. पाळीच्या दिवसांतील रीतिरिवाज हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. त्यावर येथे मत द्यायचे नाही. व्यवहाराच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या वस्तूचे नाव मोकळेपणाने घेता येत नाही, तिचा हिशेबही सरळ मांडला जात नाही. ब्रिटनमधील एका लहान कंपनीची हकिकत या दृष्टीने व्यापारी कुटुंबांनी जाणून घेण्यासारखी आहे.

‘वुका’ हे त्या कंपनीचे नाव. २०१७ मध्ये ती सुरू करणाऱ्या रूबी राउत मूळच्या नेपाळच्या. पाळीच्या दिवसांत जुन्या साडीचे तुकडे वापरण्याची रीत त्यांनी लहानपणी स्वतः अनुभवलेली. पुढे ब्रिटनमध्ये पर्यावरणशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्या पुन्हा कापडाकडेच वळल्या. परंतु आता ते कापड शिवणीत पक्के बसवलेले, धुऊन पुन्हा वापरता येणारे अंतर्वस्त्र होते. त्याची रचना साधी असते. अंगाला लागणारा थर ओल आत ओढून घेतो, मधला थर ती धरून ठेवतो आणि खालचा पातळ, अभेद्य थर डाग बाहेर येऊ देत नाही. वापरल्यावर ते प्रथम थंड पाण्यात खळबळावे, मग नेहमीच्या साबणाने धुवावे आणि उन्हात वाळवावे. कपडे मऊ करणारे द्रावण मात्र वापरू नये; त्याने कापडाची शोषणशक्ती मंदावते.

मालात खोट नव्हती. अडचण निघाली ती करात. ब्रिटनमध्ये पॅड व टॅम्पॉनवरील मूल्यवर्धित कर २००१ मध्ये ५ टक्क्यांवर आला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य झाला. पाळीसाठीचे अंतर्वस्त्र मात्र नियमाच्या शब्दांनुसार ‘कपडा’ ठरले, आणि कपड्यावर २० टक्के कर कायम राहिला. म्हणजे करासह १२ पौंडांना मिळणाऱ्या नगात २ पौंड सरकारचे. एकच गरज, एकच गिऱ्हाईक. परंतु एकदा वापरून फेकायची वस्तू करमुक्त आणि वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू करपात्र! वुकाने याविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली. पुढे ‘मार्क्स अँड स्पेन्सर’सारखी मोठी पेढीही तिच्या बाजूने उभी राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्थमंत्र्यांनी घोषणा केली आणि १ जानेवारी २०२४ पासून हा कर रद्द झाला.

या लढ्यात एक वचनही गुंतलेले होते, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक आहे. २०२१ ची करमाफी झाल्यानंतर ‘टॅक्स पॉलिसी असोसिएट्स’ या संस्थेने किमती तपासल्या, तेव्हा माफीचा बहुतांश लाभ विक्रेत्यांकडेच राहिल्याचा निष्कर्ष निघाला. कर गेला, परंतु बाईच्या हातात पडायचा पैसा वाटेतच थांबला. तिने विचारलेही नसेल, कारण या वस्तूची किंमत उभ्या दुकानात विचारण्याची सवय कोणाला आहे? म्हणूनच दुसऱ्या वेळी कर हटवण्याची मागणी करतानाच विक्रेत्यांनी जाहीर केले, की सुटलेला कर आम्ही किमतीतून कमी करू. गिऱ्हाइकाच्या मौनाचा फायदा घेणार नाही, असाच त्या वचनाचा अर्थ होता.

आपल्याकडे सॅनिटरी नॅपकिनवर जुलै २०१७ मध्ये १२ टक्के जीएसटी लागला आणि जुलै २०१८ मध्ये तो माफ झाला. तथापि, ‘माफ’ आणि ‘शून्य दर’ यांतील भेद आपल्या पेढ्यांना सांगायला नको. ब्रिटनच्या शून्य दरात उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळतो. आपल्याकडील माफीत ती वजावट मिळत नाही आणि तो बोजा मालाच्या खर्चात मिसळतो. तेव्हा कर गेला म्हणजे तेवढीच किंमत उतरली, असे गृहीत धरता येत नाही.

किमतीइतकाच प्रश्न मालाच्या खरेपणाचा. अमेरिकेतील ‘थिंक्स’ ही या क्षेत्रातील नावाजलेली कंपनी. तिच्या अंतर्वस्त्रांत ‘पीएफएएस’ गटातील, दीर्घकाळ न विघटणारी रसायने असल्याचा आरोप करीत ग्राहक न्यायालयात गेले. माल सुरक्षित व सेंद्रिय असल्याची जाहिरात दिशाभूल करणारी होती, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. परंतु २०२३ मध्ये ५० लाख डॉलरपर्यंतची तडजोड झाली. पाकिटावरचा ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे तपासणीचा दाखला नव्हे, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

आपल्या घरी हा हिशेब कसा मांडावा? प्रथम एकच नग घेऊन दोन-तीन महिने वापरून पाहावा. अंतर्वस्त्र परत करता येत नाही, म्हणून एकदम पाचांचा संच घेऊ नये. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: अंगाला लागणारे कापड कोणते, स्राव किती धरते आणि रसायनांची तपासणी झाली आहे का. आपल्या पावसाळ्यात जाड थर लवकर वाळत नाही, तेव्हा त्या चार महिन्यांसाठी जादा नग हवेत किंवा जोडीला दुसरे साधन हवे. अंगाला खाज सुटली किंवा स्राव नेहमीपेक्षा फार वाढला, तर वस्तू बदलून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. पूर्वी पाळीचे कापड दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात दडवून वाळवले जाई. ते दमट राही आणि त्याचा त्रास बाईला होई. दोष कापडाचा नव्हता, दडवण्याचा होता. हजार रुपयांचे नवे अंतर्वस्त्रही त्याच कोपऱ्यात गेले, तर त्याची तीच गत. त्याला गच्चीवरच्या दोरीवर, सर्व कपड्यांच्या ओळीत जागा मिळाली पाहिजे, आणि ती देणे सासूबाईंच्या व घरातील पुरुषांच्या हाती आहे.

आपल्यापैकी अनेकांची कापडाची, तयार कपड्यांची किंवा औषधांची दुकाने आहेत. तेथे हा माल वर्तमानपत्रात गुंडाळून देण्याची रीत अजून चालते. त्याऐवजी किंमत स्पष्ट लिहून तो समोरच्या फळीवर मांडावा, धुण्याच्या सूचना मराठीत द्याव्यात आणि शक्य असेल तर घरातील सुनेने अथवा मुलीने त्या वेळी गल्ल्याजवळ बसावे. मग गिऱ्हाईक भाव विचारील, कापड हाताळून पाहील, नको असेल तर ठेवून जाईल. इतर प्रत्येक मालाच्या बाबतीत हे आपण गृहीतच धरतो.